मागच्या दारी कोमट पाणी

डॉक्टरीणबाईंनी आत्तींना कुशीवर वळवलं, पातळ वर सरकवलं आणि त्यांचा हात तिथंच थांबला.

"हे कोण घासतंय?" त्यांनी विचारलं.

आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, अनुसयाबाई. आमच्या कोल्हापूरकडं सासूला आत्ती म्हणतात. दिवाळीच्या तोंडावर त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, तोंड वाकडं झालं आणि बोलणं असं झालं, की तोंडात खडीसाखरेचा खडा धरून बोलतायत. तेव्हापासून त्यांचं खाणंपिणं, न्हाणं, शी-शू, सगळं मीच बघत होते. मग कोण घासतंय म्हटल्यावर माणसं कुणाकडं बघणार? खोलीत माणसं तरी कितीशी होती. डॉक्टरीणबाई, माझी थोरली नणंद शालन आणि मी. वन्सं त्याच सकाळी इचलकरंजीहून आल्या होत्या आणि आल्यापासून माझ्याकडंच बघत होत्या.

मी वाकून बघितलं. आदल्या संध्याकाळी मी धुतलं तेव्हा जराशी लाली होती, मी म्हटलं बसून बसून झाली असेल. आता बसायच्या जागेपासून जांघेपर्यंत कातडं सोललेल्या बिटासारखं झालं होतं. वर बारीक बारीक रेघा, सगळ्या एकाच अंगाला ओढलेल्या. नखाच्या नव्हत्या त्या. चरवी घासताना हात जसा ओढतो तशा होत्या.

डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सांगितलं. आत्तींना साखर आहे. हे कातडं एकदा फुटलं, की जखम भरायची नाही, आणि अंथरुणावरच्या म्हाताऱ्या माणसाला आजार नेत नाही, अशी जखम नेते. मी दरवेळी साबण लावत होते हे ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. त्या जागेला साबण नको, डेटॉल नको, पावडर नको. नुसतं कोमट पाणी, तेही कोपर बुडवून बघून. तळहातानं हलकं धुवायचं, पुढून मागं, मागून पुढं कधीच नाही. मग जुन्या मऊ सुती फडक्यानं टिपायचं. "पुसायचं नाही हं रत्ना," त्या म्हणाल्या, "टिपायचं." कोरडं झालं, की खोबरेल तेलाचा नुसता हात फिरवायचा. जाताना फाटकापाशी त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाल्या, दमली असशील तर सांग, कधीकधी माणसाचा राग हातातून निघतो, त्याला कळतसुद्धा नाही.

मी तोंडाची फटकळ आहे. साऱ्या कॉलनीला माहीत आहे. नळावर माझ्या पुढं कुणी घागर सरकवत नसे. पण त्या दिवशी मी आत येऊन माझे तळहात उलटेपालटे करून बघितले. कारण आत्तींवर माझा हात कठोर पडेल हे मलाच पटत नव्हतं. माझी आई मी फ्रॉकात असतानाच गेली. पहिल्या बाळंतपणात मला टाके पडले, जायचं म्हटलं की डोळ्यांतून पाणी यायचं, तेव्हा ह्याच बाईनं दर खेपेला चुलीवर पाणी कोमट करून, मला मागं बसवून, स्वतःच्या हातानं धुतलं होतं. मी लाजेनं अर्धी झाले होते. "लाजायचं काय त्यात, आग हुती का बघ," एवढंच त्या म्हणायच्या. कुठली सासू करते हो हे? आणि त्या बाईला मी घासणार?

आम्ही साखर कारखान्याच्या कॉलनीत राहायचो. ह्यांची, म्हणजे विलासरावांची, बॉयलिंग हाउसला ड्यूटी होती आणि हंगाम चालू होता. हंगामात कारखान्याच्या चिमणीतून दिवसभर काजळी गळते. वाळत घातलेले कपडे, तुळस, अंगणातली खाट, सगळ्यावर काळी भुसभुशीत राख बसते. आमच्या क्वार्टरला दोन खोल्या आणि मागं परस होता. परसाच्या टोकाला संडास. आत्तींना तिथवर नेणं जमेना म्हणून सुताराकडून भोक पाडलेली खुर्ची करून घेतली होती. ती मागच्या दाराशी, आतल्या बाजूला, आत्तींच्या खाटेला लागून ठेवायची. खाली भांडं, शेजारी पाण्याची बादली.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसं मी सगळं केलं. साबण बंद केला. माझ्या एका विटलेल्या नऊवारीची फडकी फाडली. वन्सं माझ्या डोक्यावर उभ्या राहून बघायच्या, भांड्यावानी घासतेस काय म्हणून एकदा बोलल्यासुद्धा. मग दोनतीन खेपा बघितल्यावर त्यांचा आवाज खाली आला. मी फुलाला लावावा तसा हात लावत होते, हे त्यांना दिसत होतं. आणि तरी दुपार उलटली, की नव्या रेघा. सकाळी निवळलेलं कातडं संध्याकाळी पुन्हा लाल. त्यांचा माझ्यावरचा संशय गेला. पण संशयाला जागा लागतेच. तो दुसरीकडं जाऊन बसला आणि ते जास्त वाईट झालं.

वन्संनी आईला सरळच विचारलं, आई, कोण करतं तुला असं?

आत्तींनी आधी मागच्या दाराकडं बघितलं. दार उघडं होतं, परसात कुणी नव्हतं. त्यांनी डाव्या हातानं पदर चाचपला आणि डोक्यावर ओढून घेतला.

"मोठ्या आई येत्यात," त्या म्हणाल्या.

मोठ्या आई म्हणजे आत्तींच्या सासू. माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी वारलेल्या. आमच्याकडं भिंतीवर त्यांचा फोटोसुद्धा नाही. पण ती पदर घ्यायची गोष्ट माझ्या मनात टोचली. कारण वारं गेल्यापासून मी ते बघत होते. त्या खुर्चीवर बसवलं आणि मागचं दार उघडं असलं, की आत्तींचा हात डोक्याकडं जायचा. दार लावलं, की पदर खांद्यावर यायचा. मी म्हणायचे, उन्हाची तिरीप लागत असेल. आता कळलं, की थोरल्या माणसासमोर घेतात तसा तो पदर घेतला जात होता.

मग आत्तींनी अडखळत अडखळत जे सांगितलं ते मी आधी कधी ऐकलं नव्हतं. आत्ती सून म्हणून आल्या तेव्हा गावाकडच्या घरात एक रीत होती, रीत कसली, मोठ्या आईंची सक्ती होती. सून परसाकडं जाऊन आली, की तिनं मागच्या दारच्या दगडावर बसून राखेनं धुवायचं. घोसाळ्याच्या वाळक्या जाळीनं घासायचं. मोठ्या आई उंबऱ्यात उभ्या राहून बघायच्या आणि त्यांचं समाधान होईतो आत घ्यायच्या नाहीत. थंडी असो, पाऊस असो, आत्ती पोटुशी असोत. "अजून," म्हणायच्या. "अजून निघालं न्हाई." आत्तींचं कातडं तेव्हा जे सोलायचं ते महिना महिना भरायचं नाही. आता मोठ्या आई पुन्हा दारात येऊन उभ्या राहतात, म्हणे. तसंच म्हणतात.

मी सांगते, उन्हं होती तेव्हा. बाहेर मुलं विटीदांडू खेळत होती, शेजारी रेडिओ लागला होता. तरी आम्ही दोघींनी मिळून ते मागचं दार लावलं आणि कडी घातली.

दुसऱ्या दिवशी वन्सं पलीकडच्या वाडीला एका देवऋष्याकडं जाऊन आल्या. अंगाऱ्याची पुडी आणली. तो म्हणाला, घरातलीच बाई आहे, तहान राहिलीय तिची. अंगारा रोज कपाळाला लावा, पुडी उशाखाली ठेवा, म्हणजे ती जवळ येणार नाही. मला हसू आलं असतं एरवी. पण बुडत्याला काडीचा आधार. म्हटलं, कपाळाला लावून कुणाचं काय जातंय. मीच पुडी उशाखाली सरकवली. राख तशी पुष्कळ होती, मूठभर.

त्या संध्याकाळी मी आत्तींना धुवायला घेतलं. रेघा तर होत्याच, पण सगळं करडं झालं होतं. चिखल फासावा तसं. आणि डावीकडं कातडं फुटलं होतं. नखाएवढीच जागा, पण आत ओलं, गुलाबी मांस दिसत होतं.

डॉक्टरीणबाईंचं बोलणं माझ्या कानात वाजायला लागलं. वन्सं मात्र भिंतीला टेकून उभ्या. त्यांचं म्हणणं, अंगाऱ्यानं ती चिडली. उलटी राख फासून गेली. आता इथं ठेवून चालायचं नाही, अमावस्येला जीप करून आईला वाडीला न्यायचं, तिथं देवऋष्यासमोर बसवून उतरवायचं. मी म्हटलं, त्या खडबडीत रस्त्यानं, ह्या अंगानं? जखम घेऊन? तिथं पोचेपर्यंत तरी राहतील का त्या? त्यावर वन्सं म्हणाल्या, आई माझी आहे. मी म्हटलं, धुणं माझं आहे. असं भांड्याला भांडं लागलं, की शेजारचा रेडिओ बंद झाला. हे ड्यूटीवरून आले, दोघींचं ऐकून घेतलं आणि हातपाय धुवायला गेले ते बराच वेळ बाहेरच आले नाहीत. पुरुष माणूस अशा वेळी कुठं सापडतो!

म्हणजे माझ्यापुढं एवढंच उरलं होतं. जीप यायच्या आत ते घासणारं कोण ते कळायला हवं होतं. नाही कळलं, तर आत्ती माझ्या हातून जाणार होत्या.

अमावस्या दुसऱ्याच दिवशी होती. दुपारची जेवणं झाल्यावर वन्सं जीप ठरवायला कारखान्याच्या फाटकाकडं गेल्या. मी आत्तींना खुर्चीवर बसवलं. त्यांना वेळ लागायचा, आणि कुणी समोर उभं असलं की व्हायचंच नाही. म्हणून मी बादलीत गरम पाणी ओतून ठेवलं, कडी काढून नेहमीसारखी मागच्या दारानं परसात गेले आणि दार नुसतं लोटून घेतलं. दोरीवरचे कपडे झटकत होते. काजळी भुरुभुरु उडत होती. वारा नव्हता. विटीदांडूवाली पोरं कुठं गेली होती कुणास ठाऊक. इतकी सामसूम कॉलनीत मी हंगामात कधी अनुभवली नाही.

आणि आतून दोन बायका बोलताना ऐकू आल्या.

एक आवाज आत्तींचा, बोबडा, लाळेत भिजलेला. दुसरा खणखणीत. जिभेला जड नाही, धाप नाही. मला वाटलं, शेजारची कुणी पुढच्या दारानं आली असेल. म्हणून मी फटीतून बघितलं.

खोलीत आत्तींशिवाय कुणी नव्हतं.

त्या खुर्चीवर पुढं सरकून बसल्या होत्या. डोक्यावर पदर. मांडीवर उशाखालून काढलेली ती अंगाऱ्याची पुडी उघडी. डाव्या हातात घोंगड्याचा कोपरा, त्या रोज ज्या घोंगड्यावर निजायच्या त्याचाच, खाटेवरून ओढून घेतलेला. तो राखेत बुडवायच्या आणि पातळाखाली नेऊन घासायच्या. खालीवर, खालीवर. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि हात थांबत नव्हता.

"अजून," तो आवाज म्हणाला. "अजून निघालं न्हाई."

"निघालं की वो," आत्ती म्हणाल्या. "लई आग हुतीया."

"हू दे. घाण घिऊन उंबरा वलांडायचा न्हाई."

दोन्ही बोलणी त्यांच्याच तोंडातून येत होती. खणखणीत आवाज यायचा तेव्हा त्यांचं वाकडं तोंड सरळ व्हायचं. ते मी ह्या डोळ्यांनी बघितलं. डॉक्टरीणबाईंना पुढं मी हे कधी सांगितलं नाही, त्यांनी मला गोळ्या दिल्या असत्या.

भीती वाटली का म्हणाल, तर वाटली. पण त्याबरोबर दुसरंही झालं. आम्ही काय करून बसलो होतो ते माझ्या एकदम ध्यानात आलं. त्या बाईला जन्मभर राखेनं घासायला लावलेलं, आणि आम्ही शहाण्यांनी राखच आणून तिच्या उशाखाली ठेवली! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथं आम्ही चोराच्या हातात किल्ली दिली होती. मला स्वतःचाच असा संताप आला, की त्या संतापानंच मी दार ढकललं.

मी आत्तींचं मनगट धरलं. एवढीशी म्हातारी, पण तो हात उसाच्या मोळीसारखा ताठ झाला होता, हलेना.

"तू कुणाची?" आवाजानं विचारलं. आत्तींचे डोळे माझ्याकडं नव्हते, माझ्या मागं उघड्या दारात होते. पण विचारलं मलाच होतं.

"मी रत्ना. विलासची बायको. तुमच्या नातवाची."

"माझ्या सुनंचा हात सोड."

"सोडते," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका लागत होता. "आधी तुम्ही सोडा. कातडं फुटलं तिचं. अजून घासलंत तर मरंल ती, मोठ्या आई."

भांड्यात थेंब पडल्याचा आवाज आला.

"घासलं न्हाई तर मरत्यात," आवाज म्हणाला. आता तो तितका खणखणीत नव्हता. "आन् घासलं तरीबी मरत्यात."

"कोण?"

"माझी दोन."

मग ती बोलत गेली. तिच्या शब्दांत सगळं सांगणं मला जमायचं नाही, आणि काही मी ऐकलं तसं तोंडून काढवतही नाही. गावात पटकी आली होती. तिची दोन लेकरं, तुका आणि सोनी, दोघांना हगवण लागली. दवाखाना नव्हता. कुणीतरी सांगितलं, घाण अंगाला राहिली तर घाणीबरोबर रोग राहतो. म्हणून ती धूत राहिली. दर खेपेला राखेनं, जाळीनं, जोर लावून. तेवढ्या हातांनीच लेकरं वाचवायची होती तिला. कातडी निघाली त्यांची. आईला बघितलं की भिऊन रडायची. पाण्याचा तांब्या बघितला तरी रडायची. शेवटी रडायचंही त्राण राहिलं नाही. आधी सोनी गेली, मग तुका. त्यानंतरच्या एका लेकरावर, माझ्या सासऱ्यांवर, तिनं घर चालवलं. आणि सून आली तेव्हा तिला उंबऱ्यात अडवून घासायला लावलं, कारण ह्या वेळी घाण आत येऊ द्यायची नव्हती.

मला इतकं भरून आलं, की भ्यायचं राहूनच गेलं. समोर बसलेल्या बाईचा मला राग येईना, आणि दारात जी कोणी उभी होती तिचाही येईना.

"तू कशी धुतीस?" आवाजानं विचारलं.

मी म्हटलं, बघा.

मी बादलीत कोपर बुडवून बघितलं. जरा गार पाणी घातलं, पुन्हा बघितलं. आत्तींच्या मुठीतून घोंगड्याचा कोपरा काढून घेतला, आता तो सुटला. पुढून मागं पाण्याची धार सोडत तळहातानं ती राख नुसती वाहू दिली, चोळली नाही. फुटलेल्या जागेपाशी हात लावलाच नाही, वरून पाणी सोडलं. आत्तींच्या पायाला आधी कापरं भरलं होतं, ते थांबलं. मग फडकं घेतलं. एका जागी टेकवायचं, उचलायचं. टेकवायचं, उचलायचं. लेकरू निजलेलं असताना त्याच्या तोंडावरचं दूध टिपतो ना, तसं.

"रडंना झाली," आवाज म्हणाला.

"नाही रडत," मी म्हटलं. "हळू केलं, की नाही रडत."

आत्तींची मान खाली गेली. मला वाटलं, झालं, संपलं. मी तेलाची वाटी घ्यायला हात लांब केला आणि अगदी लहान आवाजात ती म्हणाली,

"माझी बाहीर हैत. तशीच हैत आजून. त्यांला आत घेता येईना मला. त्यांलाबी धू गं. हळू."

मी दारातून बाहेर बघितलं. परसात कपड्यांच्या दोरीखाली धुण्याचा दगड. दगडावर काजळी. दुसरं काही नाही.

आता कुणी म्हणेल, बाई वेडीच होती. असेना. माझ्या जागी दुसरी कुणी असती तर तिनं काय केलं असतं मला ठाऊक नाही. दोन लेकरांची आई विनवते आहे, आणि माझ्या हाताशी कोमट पाणी आहे. मी बादली उचलून बाहेर नेली. दगडापाशी उकिडवी बसले. आणि धुवायला लागले.

हाताला काही लागलं नाही. खोटं कशाला बोलू. पण लहान मुलाला धुताना आपला डावा हात आपोआप त्याच्या पोटाखाली जातो आणि त्याला जरा पुढं वाकवून धरतो, तसा माझा हात गेला आणि तिथंच राहिला, अधांतरी. मी पाणी सोडत होते, तळहात फिरवत होते, तोंडानं "झालं, झालं, माझी बाय ती," म्हणत होते. मग तुकासाठी थोडं सरकून बसले. तो मोठा असणार म्हणून हात जरा वर धरला.

फडकं आणायचं विसरले होते. मान वळवली तर परसाच्या फाटकात वन्सं उभ्या. जीप ठरवून मागच्या वाटेनं आल्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या, किती ऐकलं, मी त्यांना आजवर विचारलेलं नाही. त्यांच्या गालांवर काजळी आणि पाणी एक झालं होतं. मला वाटलं, आता ओरडतील, लोक गोळा करतील.

त्या तडक घरात गेल्या. आतून कापड फाटल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात माझ्या नऊवारीची दोन मऊ फडकी होती. एक मला दिलं.

"दोघास्नी एकच कशाला?" त्या म्हणाल्या, आणि माझ्या शेजारी उकिडव्या बसल्या.

माझी भांडखोर, मोठ्या आवाजाची नणंद. तिनं ते फडकं पुढं केलं आणि रिकाम्या हवेत टेकवलं, उचललं. टेकवलं, उचललं. पुसलं नाही.

आम्ही आत गेलो तेव्हा आत्ती खुर्चीतच निजल्या होत्या. पदर खांद्यावर आला होता. तोंड पुन्हा वाकडं. त्यांना उचलून खाटेवर निजवलं, घोंगडं काढून खाली मऊ वाकळ घातली. उरलेली राख वन्संनी तुळशीत टाकली. जीपवाला आला त्याला त्यांनीच परत पाठवलं. आत्तींच्या अंगावर त्यानंतर एकही नवी रेघ उठली नाही. जखम भरायला वेळ लागला, पण भरली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बघ, साबण बंद केल्याचा गुण. आम्ही दोघींनी माना डोलावल्या. खोटंही नव्हतं ते. आत्ती पुढं बरीच वर्षं राहिल्या आणि गेल्या त्या झोपेत, साफ अंगानं. तुका आणि सोनीचं नाव त्यांनी त्याआधी आणि त्यानंतर कधी घेतलं नाही. ह्यांना विचारलं तर, अशी कोण मुलं होती हे ह्यांनाही माहीत नव्हतं. आत्तींना ठाऊक असणारच, नाहीतर त्यांच्या तोंडून येईल कसं, असं मी मनाला सांगत आले आहे. बहुतेक वेळा मन ऐकतं.

फक्त एक गोष्ट आहे. त्या दुपारी आम्ही हवा धुतली, हवाच टिपली. पण दिवस कलल्यावर दोघी मागच्या दारी गेलो, कोरड्या उंबऱ्यावर ठेवलेली ती दोन फडकी उचलली, आणि दोन्ही आम्हाला पिळून वाळत घालावी लागली.